मोरखारच्या बांधाला कुलूप

रणभूमी पाहायला जायचं असेल, तर तिच्या संवर्धन समितीत आपला कुणी नातेवाईक नाही ना, एवढी चौकशी आधी करून घ्यावी. मी तर माझा मेहुणाच त्या समितीचा अध्यक्ष आहे हे माहीत असूनही गेलो. परत येऊन बरेच दिवस झाले, तरी माझी चिडचिड अजून पुरती उतरलेली नाही. ज्यांनी मोरखार पाहिलेलं नाही (म्हणजे जवळजवळ सगळ्यांनीच), त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

अरविंदराव म्हणजे माझ्या बायकोचे, सुनीताचे, थोरले भाऊ. जन्म पुण्यात, नोकरी पुण्यात, आणि निवृत्तीनंतर किहीमला नारळीच्या वाडीत टुमदार घर. अशा घरात राहून माणसानं समुद्र बघावा, मासे खावेत आणि दुपारी झोपावं. पण अरविंदरावांना स्वस्थ बसवत नाही. वर्षभरात त्यांनी आसपासच्या बंगल्यांतली आपल्यासारखीच मंडळी गोळा केली, एक समिती काढली आणि जवळच्या खाडीकाठी अठराव्या शतकातली एक रणभूमी शोधून काढली. तिथल्या स्मारकाचं सर्वपित्री अमावास्येला अनावरण होतं. "जावईबापू, इतिहास घडताना बघायचा असेल तर या," असं ते फोनवर म्हणाले. इतिहास आधीच घडून गेलेला असतो असं मला वाटत होतं.

किहीम

सोलापूर ते मुंबई आणि तिथून रो-रो बोटीनं मांडवा हा प्रवास मी वगळतो. मी आणि सुनीता किहीमला पोचलो तेव्हा वाडीबाहेर एक कोळीण पापलेट, सुरमई ओरडत चालली होती. आम्ही सोलापूरचे. आमच्याकडे समुद्राचा मासा बर्फातून प्रवास करून येतो आणि आल्यावर आमच्याइतकाच थकलेला असतो. मी मोठ्या आशेनं हातपाय धुऊन ताटावर बसलो. ताटात दुधीची भाजी, मुगाची आमटी आणि कोशिंबीर होती. पितृपक्ष चालू आहे, अरविंदरावांनी आठवण करून दिली. वहिनी मुलीकडे बंगळूरला गेल्या होत्या, त्यामुळे दाद मागायलाही कुणी नव्हतं.

जेवणानंतर त्यांनी भिंतीवर नकाशा लावला आणि हातात पट्टी घेतली. हकिगत मात्र खरोखर ऐकण्यासारखी होती. मराठ्यांच्या आरमारानं मुंबईकर इंग्रजांच्या नाकी नऊ आणले होते. शेवटी इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले आणि अलिबागच्या बाजूला मोठी फौज उतरवली, पण मार खाऊन परतले. हे पुस्तकांतून आहे. पुस्तकांत नाही ते असं, की त्यांतली एक तुकडी तोफा ओढत खाडीच्या अंगानं मोरखारच्या शेतांतून आत निघाली होती. गावात लढायला माणसं नव्हती. गावानं अमावास्येच्या उधाणाला आपलाच बांध फोडला आणि समुद्र शेतात घेतला. तोफा रुतल्या, माणसं गळ्याएवढ्या पाण्यात सापडली. गाव वाचलं, पण शेतात मीठ बसलं आणि पुढे कितीतरी पावसाळे तिथे भाताचं रोप धरलं नाही. यातलं खरं किती आणि भर किती, मला माहीत नाही. पण ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, हे मी मान्य करतो. मग अरविंदराव डावी फळी, उजवी फळी आणि पिछाडी सांगू लागले आणि तो काटा हळूहळू गेला.

मोरखार

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रणभूमीवर गेलो. वाटेत बाण काढलेले फलक होते. त्यांवर हुतात्म्यांच्या रक्तानं पावन झालेल्या भूमीत स्वागत होतं आणि पानाच्या पिचकाऱ्या होत्या. रस्ता संपला तिथे फायबरच्या दोन तोफा समुद्राकडे तोंड करून उभ्या होत्या. शत्रू तर जमिनीवरून आला होता ना, असं मी विचारलं. फोटोत मागे खाडी आली पाहिजे, असं उत्तर मिळालं. तोफांशेजारी एक फायबरचा मावळाही होता. उन्हानं त्याची मिशी एका बाजूनं सुटली होती आणि तो काहीतरी वाईट बातमी ऐकल्यासारखा दिसत होता.

आणि रणभूमी? रणभूमी म्हणजे भाताची शेतं. हिरवीगार, कमरेला लागणारी, लोंबीत दाणा धरू लागलेली. आमच्याकडे पाणी शेतात यावं म्हणून जन्म जातो. इथे पाणी शेतात येऊ नये म्हणून सगळा खटाटोप. बाहेरच्या अंगाला खाडी आणि भरतीला बुडणारं खाजण, आतल्या अंगाला भरतीच्या पातळीहून खोल असलेली शेतं, आणि दोघांच्या मधोमध नुसत्या चिखलाचा लांबच लांब बांध. तेवढा बांध आहे म्हणून गावाला भात मिळतो. एका भरतीचं खारं पाणी आत आलं की उभं पीक जातं, आणि मीठ धुऊन निघेपर्यंत पुढची दोनतीन वर्षंही जातात.

बांध जिथे पूर्वी फोडला होता, त्या जागेला गावात अजून 'खांड' म्हणतात. खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. ती बुजवल्याला इतका काळ लोटला, तरी गाव तिच्यावर विश्वास ठेवत नाही. गणपती पोचवले की मुंबईला, उरणला नोकरीवर परत जाण्याआधी घरटी एक माणूस एक टोपली चिखल आणून त्या जागी हातानं थापतो. ज्याची शेती उरली नाही तोही थापतो. हे थापून झाल्याशिवाय कुणी एसटीत बसत नाही. अशी चाल मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही, आणि स्मारक म्हणून मला तर ती पुरेशी वाटली.

समितीला वाटली नव्हती. खांडीच्या जागी तो ओबडधोबड, भेगाळलेला चिखलाचा उंचवटा बघून मंडळींना वाईट वाटलं होतं. म्हणून त्यांनी तेवढा भाग खणून काढला आणि तिथे जांभ्या दगडाचं, सिमेंटचं देखणं बांधकाम केलं. त्यावर संगमरवरी फलक बसवला. त्याच्याभोवती लोखंडी जाळी उभी केली, जाळीला दार केलं आणि दाराला कुलूप लावलं. जाळीवर सूचना होती, 'ऐतिहासिक वास्तू. हात लावू नये.' बांधाचा बाकीचा सगळा भाग चिखलाचा आणि मध्ये हा दगडी तुकडा, शर्टाला वेगळ्याच कापडाचं ठिगळ लावावं तसा.

"मग यंदा चिखल कुठे थापला?" सुनीतानं विचारलं.

"आता गरजच काय? दगड आहे," अरविंदराव म्हणाले.

हिराकाकूंच्या ओटीवर

खांडीला लागून खाली जी शेतं आहेत ती हिराकाकूंची. त्या विधवा आहेत, मुलगा उरणच्या बंदरावर ट्रेलर चालवतो, आणि वर्षाचा तांदूळ याच शेतांतून येतो. अरविंदरावांनी ओळख करून दिली ती 'रणभूमीच्या मालकीणबाई' अशी. काकूंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की हा किताब त्यांना पूर्वीही मिळालेला असावा.

काकूंनी जेवायला बसवून घेतलं. पितृपक्षाचं त्यांच्या चुलीला फारसं भय नव्हतं. तांदळाची मऊ भाकरी, माळेतला पांढरा कांदा आणि खाडीतल्या चिंबोऱ्यांचं लालभडक कालवण. अरविंदरावांनी नुसती कांदा-भाकरी खाल्ली. मी चिंबोरीवर तुटून पडलो, पण खेकडा फोडणं ही विद्या आहे आणि ती सोलापुरात शिकवत नाहीत. पहिला नांगा माझ्या हातून निसटून सरळ अरविंदरावांच्या पांढऱ्या लेंग्यावर गेला. काकू पहिल्यांदा हसल्या, आणि मला दुसरी चिंबोरी फोडून दिली. हेच खेकडे बांध पोखरतात, म्हणून आम्ही त्यांना खातो, असं त्यांनी सांगितलं.

मी त्यांना बांधकामाबद्दल विचारलं. मला वाटलं होतं, त्या समितीला शिव्या घालतील. पण तसं झालं नाही. "मीच व्हय म्हटलं," त्या अरविंदरावांकडे बघत म्हणाल्या. "गुडघं चालत न्हाईत. दर साली चिखल काढायचा, डोईवर घ्यायचा. भाऊंनी सांगितलं दगड कायमचा. म्हटलं बरं हाय." गावातल्या तरण्या पोरांनाही बरंच वाटलं होतं. जाळी लागली, कटकट मिटली. यंदा गणपती पोचवून सगळी मुंबईकर मंडळी हात न मळवता गेली. हे ऐकून अरविंदराव प्रसन्न झाले. काकू मात्र थोड्या वेळानं एवढं बोलल्या, की दगड दगडाच्या जागी बरा आहे, पण चिखल दगडाला धरून राहत नाही. कालपासून सांध्याला ओल दिसते आहे, जरा जाळी उघडून द्या, मी थापून घेते.

अरविंदराव म्हणाले, अनावरण झालं की उघडू. उद्या फोटो आहेत, चिखलाचे हात लागले तर दगड खराब दिसेल. उद्याचाच तर प्रश्न आहे.

मी तेव्हा बोलायला हवं होतं, असं सुनीता मला अजून ऐकवते. मी काय बोलणार? मला चिखलातलं काही कळत नाही, आणि मेहुण्याशी वाद घालून कुणाचं भलं झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

सर्वपित्री

अनावरणासाठी हा दिवस का निवडला, तर हुतात्मे आपले पितरच, म्हणून. कल्पना वाईट नव्हती. पण अमावास्येला समुद्राचं उधाण असतं, आणि भर दुपारी पूर्ण भरती असते, हे समितीतल्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. ज्या उधाणाच्या जोरावर शत्रू बुडवला त्याचंच स्मारक, आणि त्या उधाणाचीच वेळ कुणी बघितली नव्हती. दुसरी गंमत अशी, की सर्वपित्रीला प्रत्येक घर आपापल्या पितरांच्या पानात गुंतलेलं. गावातलं एकही माणूस मांडवात नव्हतं. बांधाच्या आतल्या बाजूला, खळ्यावर उभारलेल्या त्या मांडवात किहीमची बंगलेवाली मंडळी, फेटे बांधलेला ढोल-ताशा आणि आम्ही दोघं.

अनावरण करणारे प्रमुख पाहुणे यायचे होते अकराला. त्यांची बोट उशिरा सुटली. ढोलवाल्यांनी होतं नव्हतं ते सगळं वाजवून घेतलं. अरविंदरावांनी माइक हातात घेऊन डावी फळी पुन्हा सांगायला सुरुवात केली. मी कंटाळून बांधावर गेलो. बाहेरचं खाजण दिसेनासं झालं होतं. पाणी गढूळ, जड आणि शांतपणे वर चढत होतं, आणि माझ्या पायाखालच्या जमिनीपेक्षा आतली शेतं किती खोल आहेत ते मला त्या वेळी पहिल्यांदा नीट कळलं.

जाळीच्या आत, दगड आणि चिखल जिथे मिळतात तिथून पाणी येत होतं. आधी बोटाएवढी धार, मग मनगटाएवढी. मी ओरडून अरविंदरावांना बोलावलं. ते आले, त्यांनी पाहिलं, आणि म्हणाले की पाहुणे पोचतच आहेत.

तेवढ्यात हिराकाकू घराकडून येताना दिसल्या. हात तसेच उष्टे, पदर खोचलेला, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी जेवढं धावता येईल तेवढं त्या धावत होत्या. वाटेतल्या प्रत्येक घरासमोर त्या हाक देत होत्या. जाळीपाशी येऊन त्यांनी दार हलवलं.

"चावी," त्या म्हणाल्या.

चावी खजिनदारांकडे होती. खजिनदार पाहुण्यांना आणायला मांडव्याला गेले होते. माझ्या आयुष्यात मला अनेक वेळा संताप आला आहे, पण त्या क्षणी जो आला त्याच्यासाठी माझ्याजवळ शब्द नव्हता. अरविंदराव खजिनदारांना फोन लावत होते. फोन लागत नव्हता. काकूंनी एकदा त्या फोनकडे आणि एकदा आपल्या भाताकडे पाहिलं. मग सुनीता, जी घरी बरणीचं झाकण उघडायलाही मला हाक मारते, पुढे झाली आणि तिनं जाळीच्या खांबाला दोन्ही हातांनी धक्का दिला. खांब हलला. कंत्राटदारानं तो नुसत्या चिखलात रोवला होता. मी दुसरा धरला. जाळी कुलपासकट आडवी झाली.

तोवर गाव पोचलं होतं. पितरांची पानं तशीच टाकून बायका-पुरुष टोपल्या, घमेली, जे हाताला लागेल ते घेऊन आले. पुढे जे झालं ते फार भराभर झालं. माणसं रांगेत उभी राहिली, चिखल हातोहात येऊ लागला. टोपल्या कमी पडल्या तेव्हा ढोलवाल्यांनी आपले फेटे सोडले आणि त्यांत चिखल बांधून दिला. मांडवातलं लाल जाजम गुंडाळून भगदाडात कोंबलं. समितीच्या मंडळींपैकी बरीचशी गाड्यांपाशी जाऊन उभी राहिली. अरविंदराव कुठे गेले म्हणून मी बघितलं, तर ते रांगेतच होते, माझ्या पुढे, कोपरापर्यंत माखलेले. ही गोष्ट मी त्यांच्या नावावर जमा धरतो.

पाहुणे आले ते याच गडबडीत. गाडीतून उतरले, त्यांनी दृश्य पाहिलं, त्यांचे डोळे भरून आले. माइक चालूच होता. पूर्वजांचा लढाऊ बाणा नव्या पिढीत जिवंत ठेवल्याबद्दल त्यांनी समितीचं अभिनंदन केलं, भरपूर फोटो काढले आणि पुढच्या कार्यक्रमाला गेले.

भरती उतरली तेव्हा बांध उभा होता. गावाची शेतं वाचली. पण खांडीखालची दोन शेतं, हिराकाकूंची, खाऱ्या पाण्यानं भरली होती.

दुसऱ्या दिवशी

सकाळी अरविंदराव मला म्हणाले, मोरखारला जाऊन येऊ. चहाही घेतला नव्हता. सुनीता आमच्याआधी गाडीत जाऊन बसली.

काकू शेताच्या कडेला होत्या. भात अजून हिरवंच दिसत होतं. मला वाटलं, वाचलं असेल. मी तसं म्हटलंही. काकूंनी ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकल्या. चार दिवसांत पिवळं पडेल, मग जळेल, असं त्या शांतपणे म्हणाल्या. मुलाला काल फोन केला होता. तो म्हणाला, तांदूळ विकत घेऊ. यापूर्वी या घरात तांदूळ विकत आला नव्हता.

अरविंदराव काहीतरी बोलू लागले. नुकसान, समिती, भरपाई, असे शब्द येत होते. काकूंनी त्यांना मध्येच थांबवलं.

"भाऊ, आमच्या वाडवडलांनी भात घालवलं ते गोरे बुडवायला. आमचं कशापायी गेलं ते सांगा." मग त्या म्हणाल्या, "तुमाला एकट्याला इचारत न्हाय. मीबी व्हय म्हटलं हुतं. त्याचा जबाब मलाबी द्यायला पायजे."

अरविंदरावांनी वाकून तेच पाणी आपल्या जिभेला लावलं, आणि मला त्यांची पहिल्यांदाच मनापासून कणव आली.

त्यांचा फोन खिशात सकाळपासून वाजत होता. शेवटी त्यांनी तो काढून पाहिला आणि मग मला दाखवला. समितीचा व्हॉट्सॲपवरचा गट आनंदानं फुलून आला होता. फोटो फार सुंदर आले होते. पाहुण्यांना तो चिखलाचा देखावा इतका आवडला होता, की दरवर्षी सर्वपित्रीला 'चिखल महोत्सव' करावा, असं ठरत होतं. कुणी सारख्या रंगाचे टी-शर्ट सुचवत होतं. कुणी विचारत होतं, गावकरी पुढच्या वर्षीही असेच धावत येतील ना?

"काय म्हनतायत?" काकूंनी विचारलं.

मी अरविंदरावांकडे पाहिलं. त्यांनी फोन आपल्या छातीकडे वळवला.

"काही नाही," ते म्हणाले. "दगड कधी काढायचा, म्हणून विचारतायत."

काकूंनी खाडीकडे बघितलं. आत्ता नाही, उधाणात काढला तर उरलंसुरलंही जाईल. अष्टमीला भांग असतो, पाण्याला जोर नसतो, तेव्हा काढू आणि एका ओहोटीत चिखलानं भरून घेऊ, असं त्या म्हणाल्या. आणि पोरांना मी उरणहून, मुंबईहून बोलावते. "पन घरटी एक मानूस लागंल. तुमच्याबी."

अरविंदराव तिथेच बांधावर बसले आणि आपल्या चिखलानं फुटलेल्या बोटांनी गटावर लिहू लागले. मी मागून वाचलं. अष्टमीला स्मारकाचा दगड काढून बांध पूर्वीसारखा करायचा आहे. प्रत्येक सभासदाच्या घरून एक माणूस यावा. हातानं चिखल उचलायचा आहे.

सकाळपासून क्षणाची उसंत न घेणारा तो फोन त्यानंतर एकदाही वाजला नाही. मग सुनीतानं काही म्हणायच्या आत मी आमचं परतीचं तिकीट रद्द करून टाकलं.